पहारेकऱ्याची परीक्षा : संगणक-सुरक्षेची पहिली प्रमाणपत्रे आणि आपली मुले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून देताना किरकोळ फेरफार केले आहेत.)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मला बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी मंडळाचा मनःपूर्वक आभारी आहे. या व्यासपीठावरून इतिहास, संगीत आणि संतवाङ्मय या विषयांवर जाणकारांची भाषणे आपण ऐकत आलो आहोत. माझा विषय त्यामानाने रुक्ष आहे, आणि मी त्यातला पंडितही नाही. मी कला शाखेचा साधा पदवीधर. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लेखनिक म्हणून लागलो आणि खात्याच्या परीक्षा देत देत अधिकारी झालो. काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयातील संगणकांच्या सुरक्षेचे काम कोणाच्या तरी गळ्यात घालायचे होते. ते माझ्या गळ्यात पडले. का, ते मला आजवर कळलेले नाही. बहुधा माझे अक्षर चांगले म्हणून असावे.

या विषयावर बोलावे असे वाटण्याचे कारण आपल्याच एका भगिनीने दिले. गणेशोत्सवात आरती आटोपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि पदरात गुंडाळलेले एक छापील पत्रक त्यांनी मला दाखवले. मुलगा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. पत्रक मोठ्या शहरातील एका खाजगी शिकवणीचे. सहा महिन्यांत तीन आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे, नोकरीची शंभर टक्के हमी आणि शुल्क दीड लाख रुपये. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, हे म्हणतात की घरी थोडे सोने आहे, ते ठेवू. तुम्ही सरकारी माणूस, तुम्हांला यातले कळते. भरू का पैसे?"

मी तत्काळ उत्तर दिले नाही, आणि त्याला कारण आहे. त्याआधी तीन वर्षे हाच प्रश्न माझ्या धाकट्या भावाने मला विचारला होता. तेव्हा मला यातले काही कळत नव्हते; पण वडीलपणाच्या तोऱ्यात मी म्हणालो, "भर. काळ संगणकाचा आहे." त्याने भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले. माझा पुतण्या आठ महिने परगावी राहिला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात त्या शिकवणीच्या शिक्क्याचे एक जाड कागदाचे प्रमाणपत्र होते. ज्या तीन परीक्षांची नावे पत्रकावर होती, त्यांपैकी एकीलाही त्याला बसवलेले नव्हते. पहिल्याच मुलाखतीत त्याला विचारले गेले, "आपण संगणकावर एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता लिहितो, तेव्हापासून ते पान समोर दिसेपर्यंत मध्ये काय काय घडते?" त्याला पाच वाक्ये बोलता आली नाहीत. भावाने मला आजवर एका शब्दाने दोष दिलेला नाही. पण त्या न बोललेल्या शब्दापायीच मी या विषयाचा अभ्यास सुरू केला. तेव्हा आज जे सांगणार आहे, ते चुकून शिकलेल्या माणसाचे सांगणे आहे, हे ध्यानात असू द्यावे.

आपली माणसे या बुंदेलखंडात आली ती विद्या आणि चाकरी यांच्या वाटेने. अठराव्या शतकात नारो शंकरांनी येथे पेशव्यांचा अंमल बसवला, त्यांच्याबरोबर कारकून आले, शिलेदार आले, भिक्षुक आले. १८५७ मध्ये वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे दैन्य फेडण्यासाठी उत्तरेकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' आपल्या घरोघरी आहे. पुढे रेल्वे आली. झाशी विभाग २००३ पर्यंत मुंबईच्या मुख्यालयाखालील मध्य रेल्वेत होता, आणि या सभागृहातील कितीतरी कुटुंबे बदलीच्या एका कागदाने येथली झाली. सांगायचे तात्पर्य असे की, जमीन नाही, दुकान नाही, अशा परक्या मुलखात आपल्याला परीक्षेनेच तारले आहे. म्हणूनच 'परीक्षा' आणि 'प्रमाणपत्र' हे शब्द उच्चारले की आपल्या आईबापांचा हात आपोआप तिजोरीकडे जातो. हा गुण आहे; पण त्याच गुणावर आज कोणी कोणी दुकाने थाटून बसले आहेत.

आता मुळात हे काम कोणते, ते पाहू. चित्रपटांमुळे अशी समजूत झाली आहे की, संगणक-सुरक्षा म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसून दुसऱ्याच्या यंत्रात शिरणे. प्रत्यक्षातले काम पहारेकऱ्याचे आणि हिशेबनिसाचे आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण आपल्या स्मरणात असेल. १९०६ मध्ये स्थापन झालेली ही आपली जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी अवघ्या काही तासांत २८ देशांतील यंत्रांतून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये आणि देशातून आणखी अडीच कोटी काढले गेले. १३ तारखेला जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर. यात तिजोरी कोणी फोडली नाही. पैसे देण्यापूर्वी यंत्र बँकेला विचारते, "या माणसाच्या खात्यात रक्कम आहे काय?" तो प्रश्न बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचण्याआधीच मध्ये बसवलेली एक तोतया यंत्रणा "आहे, द्या" असे उत्तर देत होती. पानिपतानंतरच्या तोतयाची गोष्ट आपण जाणतो. हा त्याचाच यांत्रिक अवतार म्हणावयाचा.

२०१७ च्या जून महिन्यात जगभर पसरलेल्या एका घातक प्रोग्रॅममुळे मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम अडले. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सर्व्हर बंद पडले आणि कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी हाताने, कागदावर कराव्या लागल्या. म्हणजे हा प्रश्न बँकेपुरता नाही. तो बंदराचा आहे, रुग्णालयाचा आहे, आमच्या कार्यालयाचा आहे.

कायद्यानेही आता हे काम अपरिहार्य केले आहे. २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा आहेच. त्याखाली 'सर्ट-इन' ही केंद्र सरकारची संस्था काम करते. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले की, ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात. या नोंदींना 'लॉग' म्हणतात. कोण आला, केव्हा आला, कोणत्या दाराने आला, याचे ते रोजनामचे. आता विचार करा, ६ तासांत कळवायचे तर रात्री दोन वाजता ते रोजनामचे कोणीतरी वाचत बसले पाहिजे. नवशिक्या मुलामुलींना मिळणारी पहिली नोकरी बहुधा हीच असते : पाळीने बसून नोंदी पाहणे, संशयास्पद दिसेल ते वर कळवणे, नोकरी सोडून गेलेल्याचा प्रवेश बंद करणे, कोणाला कोठवर जाण्याचा अधिकार आहे त्याची यादी तपासणे. कंटाळवाणे पण जबाबदारीचे काम. ज्याला सिनेमातला पराक्रम हवा आहे, त्याने येथे येऊ नये. ज्याला केबिनमधल्या रात्रपाळीच्या स्टेशनमास्तरचे काम समजते, त्याला हे काम समजेल.

रेल्वेचाच दाखला पुढे चालवतो, कारण आपणांपैकी अर्ध्या मंडळींना तो घरचा आहे. गाडी चालवणाऱ्याला किंवा स्टेशनमास्तरला केवळ पदवीवर कामावर उभे करत नाहीत. त्याच्याजवळ सक्षमतेचे प्रमाणपत्र लागते; ते शिकवणारा खाजगी मास्तर देत नाही, परीक्षा घेणारा अधिकार देतो; आणि ठरावीक काळाने उजळणीसाठी पुन्हा प्रशिक्षण केंद्रात जावे लागते. संगणक-सुरक्षेचे खरे प्रमाणपत्र ओळखण्याच्या खुणा नेमक्या ह्याच तीन आहेत. पहिली, परीक्षा घेणारी संस्था आणि शिकवणारी संस्था यांत अंतर असावे. दुसरी, ते प्रमाणपत्र खरे की खोटे, हे कोणत्याही मालकाला संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता यावे. तिसरी, त्याला मुदत असावी. ज्या प्रमाणपत्राला मुदत नाही, पडताळणी नाही आणि नापास होण्याची सोयही नाही, ते सत्काराचे मानपत्र समजावे.

आता नावे घेतो, कारण नावे घेतल्याशिवाय आईबापांचे समाधान होत नाही.

आपल्या ओळखीचे पहिले नाव 'नायलिट'चे. तिचा 'सीसीसी' अभ्यासक्रम उत्तर प्रदेशातील सरकारी भरतीमुळे घरोघरी माहीत आहे. तो संगणकाच्या अक्षरओळखीपुरता आहे. सुरक्षेचे प्रमाणपत्र म्हणून तो उपयोगी नाही. पण कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलाला तेथून, आणि मग 'ओ लेव्हल'वरून पुढे जाता येते.

दुसरे, 'आय.एस.सी.टू' या संस्थेचे 'सर्टिफाइड इन सायबर सिक्युरिटी'. हे २०२२ मध्ये सुरू झाले आणि ते अगदी नवख्यांसाठीच आहे. पूर्वानुभवाची अट नाही. त्याचे पाच भाग आहेत : सुरक्षेची मूलतत्त्वे, संकटात काम चालू ठेवणे, प्रवेशाचे नियंत्रण, नेटवर्कची सुरक्षा आणि दैनंदिन कामकाज. १००० पैकी ७०० गुण लागतात. दहा लाख लोकांना शिक्षण आणि परीक्षा विनामूल्य देण्याची योजनाही या संस्थेने जाहीर केली होती. अशा सवलती बदलत राहतात, म्हणून अर्ज भरण्याआधी संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावे. दलालाच्या तोंडून ऐकू नये. उत्तीर्ण झाल्यावर दरवर्षी काही डॉलर देखभाल शुल्क भरावे लागते, हेही आधी माहीत असावे.

तिसरे, 'कॉम्पटिया' संस्थेचे 'सिक्युरिटी प्लस'. पहिल्या पायरीवरचे सर्वांत प्रचलित नाव हेच. ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, १०० ते ९०० या मापावर ७५० गुण, मुदत तीन वर्षे. यात केवळ पर्याय निवडण्याचे प्रश्न नसतात. पडद्यावर एक परिस्थिती मांडून ती सोडवायलाही सांगतात. नेटवर्कचे ज्ञान आणि दोन वर्षांचा अनुभव असावा अशी संस्थेची शिफारस आहे. मात्र ती अट नव्हे. या परीक्षेचा अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ७०१ क्रमांकाची आवृत्ती आली आणि जुनी ६०१ ही २०२४ मध्ये बंद झाली. म्हणून जुन्या बाजारातून स्वस्तात पुस्तक घेताना मुखपृष्ठावरचा क्रमांक आधी पाहावा.

चौथे, 'सिस्को'चे 'सीसीएनए'. नावाने हे सुरक्षेचे नाही, नेटवर्कचे आहे. परंतु माझ्या पुतण्याची जी गाडी अडली, ती याच स्थानकावर. दोन यंत्रे एकमेकांशी कशी बोलतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तिसरा कान लावून ऐकतो आहे हे कसे ओळखू येणार?

पाचवे आपल्या घरचे. पुण्याच्या 'सी-डॅक'ची स्थापना १९८८ ची. तिची सुमारे सहा महिन्यांची पूर्णवेळ पदविका माहिती-यंत्रणा आणि सुरक्षा या विषयाची आहे. प्रवेशासाठी 'सी-कॅट' ही परीक्षा द्यावी लागते. येथल्या बुंदेलखंड अभियांत्रिकी संस्थेतून किंवा अन्यत्र अभियांत्रिकी वा एम.सी.ए. झालेल्यांनी या वाटेचा जरूर विचार करावा. शिवाय आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची 'एन.पी.टी.ई.एल.' वरील व्याख्याने घरबसल्या विनामूल्य ऐकता येतात. पैसे लागतात ते परीक्षेपुरते.

आता काही मोठी नावे, जी पत्रकांवर हमखास झळकतात. 'सीआयएसएसपी' मिळवण्यास या क्षेत्रातला पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदवी असल्यास फार तर एका वर्षाची सूट. परीक्षा आधी देता येते, पण अनुभव पुरा होईपर्यंत केवळ 'असोसिएट' म्हणवून घेता येते. हिशेबतपासणीच्या अंगाचे 'सीसा' हेही तसेच, पाच वर्षांच्या अनुभवाचे. महाविद्यालयातील मुलाला सहा महिन्यांत ही प्रमाणपत्रे देतो असे जो म्हणतो, त्याला एक तर नियम माहीत नाहीत किंवा तुम्हांला ते माहीत नाहीत याची त्याला खात्री आहे. 'सीईएच' अर्थात एथिकल हॅकरचे प्रमाणपत्र पुष्कळ ठिकाणी चालते. पण ते महाग आहे, त्यासाठी अधिकृत प्रशिक्षण अथवा दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि ते पहिली पायरी म्हणून घेऊ नये असे माझे मत आहे. पाया नसताना कळस बांधण्याचा तो प्रकार होतो.

मग निवड कशी करावी? मी तीन प्रश्न सुचवतो. पहिला : मुलाचा किंवा मुलीचा पाया कोणता? संगणक आणि नेटवर्क यांचे ज्ञान नसेल, तर सुरक्षेचे नाव काढण्यापूर्वी चार-सहा महिने तेच शिकावे. दुसरा : काम कोणते आवडते? यंत्रांत रमणाऱ्याने नेटवर्क आणि मग 'सिक्युरिटी प्लस' अशी वाट धरावी. ज्याला नियम, कागद, पडताळणी यांत गोडी आहे, विशेषतः वाणिज्य शाखेच्या मुलामुलींना, त्यांना माहिती-सुरक्षेच्या २७००१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तपासणीची वाट आहे. तिला आमच्यासारख्या कारकुनी पिंडाची माणसे उत्तम लागतात. तिसरा प्रश्न पैशाचा, आणि तो विचारायला लाजू नये. परीक्षांचे शुल्क बहुधा डॉलरच्या हिशेबाने ठरते आणि नापास झाल्यास पुन्हा भरावे लागते. तेव्हा कर्ज काढून एकदम तीन परीक्षा विकत घेण्यापेक्षा एक परीक्षा निवडावी, आधी अभ्यास करावा, आणि घरच्या सराव-परीक्षेत सातत्याने चांगले गुण पडू लागल्यावरच शुल्क भरावे. शुल्क आधी आणि अभ्यास मागाहून, हा क्रम सावकाराच्या सोयीचा आहे, विद्यार्थ्याच्या नव्हे.

येथे एक गोष्ट बोलून दाखवणे अगत्याचे आहे. माझ्याकडे आजवर जी पत्रके आली, ती सर्व मुलग्यांसाठी आली. ज्या घरी गणितात बी.एस्सी. झालेली मुलगी आहे, त्या घरातून कोणी विचारायला आले नाही. नोंदी वाचण्याच्या या कामात चिकाटी लागते, बारीक नजर लागते. आपल्या घरांतून ही नजर कोणाकडे असते, हे मी सांगावयास नको.

तयारीविषयी जे सांगतो, ते स्वतःच्या अपयशावरून. नवख्यांची ती परीक्षा मी स्वतः दिली आणि पहिल्या खेपेस नापास झालो. पन्नाशी उलटलेला अधिकारी नापास होऊन घरी येतो तेव्हा सौभाग्यवती चहा देतात आणि काही विचारत नाहीत, एवढेच त्या संध्याकाळचे वर्णन पुरे. चूक माझी होती. खात्याच्या परीक्षेसाठी जशी नियमावली पाठ करावी, तशी मी पुस्तके पाठ केली होती. येथे प्रश्न असा येतो की, चारही उत्तरे बरोबर आहेत, पण 'सर्वप्रथम' काय कराल? किंवा 'सर्वांत योग्य' कोणते? पाठांतराला याचे उत्तर देता येत नाही.

दुसऱ्या खेपेस मी पद्धत बदलली. संस्थेने प्रसिद्ध केलेला अभ्यासक्रम छापून घेतला आणि प्रत्येक मुद्द्यासमोर वहीत दोन ओळी मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहिल्या. माझी आई ऐंशीच्या पुढे आहे. रात्री जेवणानंतर एक मुद्दा तिला समजावून सांगायचा, असा नेम केला. या शास्त्राचे तीन खांब आहेत : गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता. मी तिला म्हणालो, "तुझे पोस्टाचे पासबुक दुसऱ्याने वाचू नये, ही गोपनीयता. त्यातले आकडे कोणी बदलू नयेत, ही अखंडता. आणि तुला हवे तेव्हा ते हाती लागावे, ही उपलब्धता." आई म्हणाली, "तिसरे महत्त्वाचे. मागच्या महिन्यात तू ते कुलपात ठेवून किल्ली ऑफिसात घेऊन गेलास." पुस्तकांतील पन्नास पाने मला त्या दिवशी कळली. अति कडेकोट बंदोबस्तामुळे मालकालाच वस्तू मिळेनाशी झाली, तर तीही सुरक्षेची हानीच. इंग्रजी कच्चे आहे म्हणून भिणाऱ्या मुलांना माझे सांगणे आहे की, परीक्षा इंग्रजीतून द्या, पण समजून घ्या आपल्या भाषेतून.

पुढचा मुद्दा हाताने करून पाहण्याचा. घरातल्या बेताच्या संगणकावर 'व्हर्च्युअलबॉक्स' नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम बसवला की संगणकाच्या पोटात दुसरा संगणक उभा करता येतो. त्यात लिनक्स बसवावे, मोडावे, पुन्हा बसवावे. 'वायरशार्क' या साधनाने तारेतून जाणारी माहिती डोळ्यांनी पाहता येते. त्या मुलाखतीतल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा एकदा असे पाहावे : आधी नावावरून पत्ता विचारला जातो, मग दोन्ही यंत्रे हातमिळवणी करतात, मग कुलपाची भाषा ठरते, आणि मग पान येते. एकदा पाहिलेले विसरत नाही. मात्र हे सर्व आपल्या स्वतःच्या यंत्रावर. शेजाऱ्याचे वायफाय किंवा महाविद्यालयाचा सर्व्हर 'सहज तपासून पाहिला' म्हणणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आईबापांनी हे मुलांना स्पष्ट सांगावे.

रोज दीड तास, चार महिने. रविवारी आठवड्याची उजळणी. आणि चुकलेल्या प्रश्नांची स्वतंत्र वही. बरोबर आलेले प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवून मिळणारे समाधान फसवे असते. नापास होणारा माणूस त्या वहीतच सापडतो. परीक्षेच्या अर्जावरील नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे ही अडचण विशेष आहे : दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव आणि आडनाव, आधारवर मध्ये वडिलांचे नाव, आणि कोठे तर आडनावच गळालेले. दोन महिने आधी कागद तपासावेत. परीक्षेच्या सकाळी दारातून परत फिरावे लागणे फार जिवाला लागते.

शेवटचा मुद्दा मी थोड्या कठोर शब्दांत मांडणार आहे. परीक्षेतले खरे प्रश्न चोरून विकणाऱ्यांचा एक बाजार आहे. त्याला 'डम्प' म्हणतात. काही शिकवण्या हेच 'साहित्य' म्हणून देतात. पकडले गेल्यास प्रमाणपत्र रद्द होते आणि पुढची दारेही बंद होऊ शकतात, हे तर आहेच. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती अशी. ही परीक्षा पहारेकऱ्याची आहे. मागल्या दाराने आत शिरून जो पहारेकरी झाला, त्याच्या हाती कोणी आपल्या बँकेची, आपल्या रुग्णालयाची किल्ली कशी द्यावी? आपल्या या शहरात १८५८ च्या वेढ्याची आठवण अजून जागी आहे. ओर्छा दरवाजा आतून फितुरीने उघडला गेला, अशी येथली लोकश्रुती आहे. इतिहासकारांचे त्याबद्दल काही मत असो; शहराने दीडशेहून अधिक वर्षे ती गोष्ट सांगत राहावी, यातच तटबंदीपेक्षा दारावरच्या माणसाची किंमत किती, हे आले.

आणि एक सत्य आईबापांनी मनाशी बाळगावे. प्रमाणपत्र नोकरी देत नाही. ते मुलाखतीच्या खोलीचे दार उघडते. आतील खुर्चीवर मुलाला स्वतःलाच बसावे लागते. पहिली नोकरी मदतकक्षातली, कमी पगाराची, रात्रपाळीची असेल. शंभर टक्के हमी कोणी देत असेल, तर ती लेखी मागावी. मग पाहावे किती टक्के उरते.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आपल्या वाचनालयाची खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी या अभ्यासासाठी उघडी ठेवावी. चार मुले एकत्र बसली की एकट्याचा आळस जातो. याच मुलांनी महिन्यातून एकदा आपल्या ज्येष्ठांना फोनवरच्या फसवणुकीपासून कसे सावध राहावे ते शिकवावे, आणि तशी फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवायचे असते, हे सांगावे. दुसऱ्याला शिकवण्यासारखी तयारी नाही, हे मी आईच्या पासबुकावरून शिकलो आहे.

त्या भगिनींना मी काय उत्तर दिले, हे सांगून थांबतो. मी म्हणालो, "वहिनी, सोने घरातच राहू द्या. मुलाला उद्यापासून संध्याकाळी माझ्याकडे पाठवा." तो आला. येताना मी माझ्या पुतण्यालाही बोलावून घेतले होते. त्याने दरम्यान पुन्हा मुळापासून, नेटवर्कपासून, सुरुवात केली होती आणि दुसऱ्या वर्षी तो 'सिक्युरिटी प्लस' स्वतःच्या बळावर उत्तीर्ण झाला. सध्या तो पुण्यात रात्रपाळीला नोंदी वाचतो आणि सुटीवर घरी आला की या मुलाची वही तपासतो. हा मुलगा पहिल्या सराव-परीक्षेत शंभरात एकेचाळीस गुणांवर होता. परवा अडुसष्ट मिळाले. शुल्क अजून भरलेले नाही. भरायची वेळ आली की तो सांगेल, आणि तेव्हा माझा भाऊ माझ्याशेजारी बसलेला असावा, एवढी माझी इच्छा आहे.

 मंडळाचा शतकमहोत्सव याच गावी, आपल्या नातवंडांच्या हस्ते साजरा होवो, ही श्रीगजाननाचरणी प्रार्थना करून माझे भाषण पुरे करतो.

जय हिंद. जय महाराष्ट्र.